डावा कोपरा यादीत नसतो

डोलवी म्हटले की आधी पोलादाचा कारखाना आठवतो. पूर्वीचा इस्पात, आताचा जेएसडब्ल्यू. याच समूहाचा प्रो कबड्डीत संघ आहे, हरियाणा स्टीलर्स. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीला या संघाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून पहिले विजेतेपद घेतले. पाटण्याकडे देवांक दलाल होता. त्या मोसमात चढाईचे ३०१ गुण, सगळ्यांत जास्त. हरियाणाकडे त्या तोडीचा एकही चढाईपटू नव्हता. त्यांच्याकडे पकड होती. एका कोपऱ्यात राहुल सेतपाल, जोडीला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. अंतिम सामन्यात देवांकला त्यांनी मोकळा सोडलाच नाही.

आता त्या मोसमात मोबाइलवर फँटसी टीम लावणाऱ्यांना काय सल्ला मिळत होता ते आठवा. चढाईपटू भरा, कॅप्टन चढाईपटूच ठेवा, पकडीचा माणूस स्वस्तातला बघून उरलेल्या जागी बसवा. सल्ला खोटा नाही. चढाईपटू सामन्यात पुन्हा पुन्हा जातो, त्याला गुणाची संधी जास्त. पण हा सल्ला सगळ्यांकडे असतो, आणि तिथेच त्याची किंमत संपते.

हिशोब साधा आहे. फँटसीत कॅप्टनचे गुण दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. शंभरातल्या ऐंशी जणांनी एकाच खेळाडूला कॅप्टन केले आणि तो चालला, तर ऐंशीही जण एकाच पायरीवर उभे. त्याच्या खेळाने त्यांतल्या कोणालाच दुसऱ्याच्या पुढे नेले नाही. फरक पडतो तो उरलेल्या नावांत, जिथे तुम्ही कोणाचे न ऐकता कोणाला तरी घेतलेले असते. तिथेही सल्ल्याची तयार यादीच वापरली, तर तुम्ही खेळलातच नाही. दुसऱ्याची टीम तुमच्या नावाने उतरली, एवढेच.

म्हणून माझे सांगणे असे की टीम निवडताना स्वतःच्या आवडीवर भरवसा ठेवा. आवड म्हणजे लहर नव्हे. खारेपाटातल्या पोराने लहानपणापासून रात्रीच्या कबड्डीत मातीच्या मैदानाच्या कडेला बसून शेकडो चढाया पाहिलेल्या असतात. कोपऱ्यातला गडी घोटा धरायला नेमका केव्हा झेपावतो आणि केव्हा थांबतो, हे त्याला आकड्याशिवाय कळते. एखादा खेळाडू त्याला का आवडला हे त्याला चार वाक्यांत सांगता येणार नाही. पण त्या आवडीमागे इतके पाहणे साचलेले असते की तेवढे कुठल्याही यादीत मावत नाही.

यादी आदल्या मोसमाच्या गुणांवर बनते. कोपरा धरून उभा राहणारा, नुसत्या उभे राहण्याने चढाईपटूला मध्यरेषेकडे ढकलणारा माणूस तिच्यात दिसत नाही, कारण त्या ढकलण्याला गुण नाहीत.

महाग खेळाडूने संघ होत नाही, हेही प्रो कबड्डीनेच दाखवले. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, तोवरची सर्वांत मोठी बोली. त्या मोसमात संघाने २२ सामन्यांत दोन जिंकले आणि तो तळाला गेला. पवन स्वतः कमी पडला नाही. बाकीचा संघ तेवढ्या नजरेने निवडलेला नव्हता.

क्रिकेटमध्ये याहून मोठे उदाहरण आहे. २००८. १९ वर्षांखालील विश्वचषक नुकताच जिंकून आलेला कर्णधार, दिल्लीचा विराट कोहली. आयपीएलच्या पहिल्या मोसमासाठी त्या संघातल्या पोरांची वाटणी होत होती. दिल्लीच्या संघाने घरचा विराट सोडला आणि प्रदीप सांगवान घेतला. कारण तर्कशुद्ध होते. सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स, दिलशान, फलंदाज भरपूर. डावखुरा वेगवान गोलंदाज हवा. जागा बघून माणूस भरा, हा प्रत्येक निवड समितीचा पाठ. बंगळुरूने विराटला उचलले आणि तो तिथेच राहिला, ३ जून २०२५ ला चषक हातात येईपर्यंत. सांगवानचा यात काही दोष नाही. दोष रिकामी जागा आधी आणि माणूस नंतर पाहणाऱ्या सल्ल्याचा.

दुसऱ्या बाजूला मुंबई इंडियन्सचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन राइट. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत गुजरातकडून एक पोरगा टाकत होता. आखूड धाव, ताठ हात, कुठल्याही प्रशिक्षण पुस्तकात न बसणारी शैली. राइटना तो आवडला. मुंबई इंडियन्सने घेतला आणि ४ एप्रिल २०१३ रोजी पहिल्याच सामन्यात जसप्रीत बुमराने तीन बळी घेतले, त्यांत विराट कोहलीही. पेण, अलिबाग, रोह्याच्या टेनिस क्रिकेटमध्ये असल्या ओबडधोबड शैलीचे गोलंदाज गावोगाव आहेत. त्यांना ओळखायला तशी मैदाने पाहिलेला डोळा लागतो, आणि तो आपल्याकडे आहे.

तो डोळा आपण वापरतो का? गावोगावच्या कबड्डी-क्रिकेट लीगमध्ये आता लिलाव होतात. हॉल घेतात, पडद्यावर खेळाडूचा फोटो येतो, संघमालकाला ठरावीक पॉइंट मिळतात, आयकॉन आधीच ठरलेला असतो. हे सगळे मला मनापासून आवडते. ज्या पोराचे नाव कधी माइकवरून उच्चारले गेले नाही, त्याच्यावर बोली लागते, हा त्याच्या आयुष्यातला मोठा क्षण आहे. पण पहिल्या अर्ध्या तासात काय होते? मोबाइल ॲपवर ज्याच्या धावा जास्त, त्याच्यावर चारही टेबलांवरून हात वर. निम्मे पॉइंट दोन नावांत संपतात. शेवटी जे उरतात त्यांना पायाभूत किमतीत वाटून घेतात, न बघता. आणि सामना बहुतेकदा याच उरलेल्यांतला कोणी तरी फिरवतो.

इथे एक गोष्ट कठोरपणे वेगळी करायला हवी. ‘आपला पोर हाय, घेऊन टाक’ ही आवड नव्हे, ही भावकी. आडनाव, वाडी, पक्ष, मेहुण्याचा शब्द, यांनी निवडलेला खेळाडू तुम्ही पाहिलेलाच नसतो. त्याची फक्त ओळख असते. मी ज्या आवडीची बाजू घेतो आहे तिला एकच कसोटी लावा. त्या खेळाडूची एखादी चढाई, एखादे षटक तुम्हाला आठवते का? आठवत असेल तर बोली लावा. नुसता त्याचा बाप आठवत असेल तर हात खाली ठेवा.

आवडीचा आणखी एक फायदा यादीत कधीच सापडणार नाही. यादीतून घेतलेला खेळाडू दोन सामने चालला नाही की लगेच बाकावर बसवला जातो. त्याच्याबद्दल तुम्हाला काही ठाऊकच नसते, मग थांबायचे कशाच्या भरवशावर? डोळ्याने निवडलेल्याला तुम्ही तिसरा सामना देता.

आणि आता तर टिपा विकत घेण्याचे निमित्तही गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि ड्रीम११ सारख्या ॲपवरच्या पैशांच्या स्पर्धा बंद पडल्या. मी या बंदीच्या बाजूचा आहे. पगार हातात पडताच त्या ॲपवर उडवणारी तरुण पोरे मी पाहिली आहेत. पैसे बुडण्याची भीती होती तोवर दुसऱ्याची टीम उतरवणे समजण्यासारखे होते. आता बुडायला काही नाही. तरीही लोक सामन्याआधी कोणाची तरी तयार टीम मागतात, तेव्हा मला खरेच वाईट वाटते. फुकटच्या खेळातही स्वतःचा कॅप्टन निवडायचा नसेल, तर सामना कशासाठी पाहायचा?

संघमालकांनो, या मोसमात लिलावाच्या आदल्या रात्री ॲप बंद करा. गेल्या वर्षीचे सामने आठवून सात नावे कागदावर लिहा, आणि त्यांतल्या निदान तिघांसाठी शेवटचा पॉइंट संपेपर्यंत हात वर ठेवा. पहिले नाव डाव्या कोपऱ्याचे लिहा.