पक्के मडके होण्याचे सोपे उपाय

आत्मसुधारणा म्हणजे माणसाने आज आहे त्याहून थोडे बरे व्हावे या हेतूने उद्यापासून काहीतरी करण्याचे ठरवणे, अशी या शब्दाची ढोबळ व्याख्या करता येईल. तीत ‘उद्यापासून’ या शब्दाला भाकरीत पिठाला असते तेवढे महत्त्व आहे. पहाटे पाचला उठावे, दिवसाच्या कामांची यादी करावी, दहा पाने वाचावीत, चार घास कमी खावेत आणि झोपण्यापूर्वी आपले कुठे चुकले याचा हिशेब वहीत मांडावा, हा उपदेश हल्ली मोबाइलवर अहोरात्र मिळतो. मात्र तो ऐकता ऐकता रात्रीचा एक वाजत असल्यामुळे त्यातील पहिलेच कलम पाळता येत नाही, ही या शास्त्राची मूलभूत अडचण होय. धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर यातले बरेचसे तेथे पूर्वीच सांगून झाले आहे, आणि न पाळण्याची पद्धतही तेथे तितकीच जुनी आहे.

तेरणा नदीकाठचे तेर हे गाव प्राचीन काळी तगर या नावाने व्यापारी पेठ म्हणून प्रसिद्ध होते आणि पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतही त्याचा उल्लेख सापडतो. मराठी माणसाला मात्र ते गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणूनच माहीत असते. परंपरा सांगते, की गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी, असे विचारले. थापटणे म्हणजे मुठीची चपटी लाकडी फळी. ओले मडके आतून आधार देऊन बाहेरून तिने ठोकले, की त्याची जाडी सारखी होते आणि त्याला घाट येतो. मडके कच्चे की पक्के हेही तिने कळते, असे उत्तर मिळताच आमचीही परीक्षा घ्या, असा आग्रह झाला आणि गोरोबाकाका एकेका डोक्यावर थापटणे मारीत निघाले. बाकीच्यांनी मार निमूट सोसला. नामदेव तेवढे रागावले आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. त्यांनी पंढरपूरला जाऊन थेट विठ्ठलाकडे दाद मागितली, पण वरिष्ठांनीही अहवाल कायम ठेवून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले, ज्याला आजच्या कार्यालयीन भाषेत प्रशिक्षणासाठी रवानगी म्हणता येईल. नामदेव गेले आणि शिकले, हे विशेष. आजचा कर्मचारी असता तर त्याने आधी थापटण्याच्या प्रमाणीकरणाबद्दल माहितीचा अधिकार वापरला असता.

आधुनिक आत्मसुधारणेचा घोटाळा नेमका येथेच होतो, कारण तीत थापटणे मडक्याच्याच हाती दिलेले असते. नोकरीतील वार्षिक मूल्यमापनात स्वयंमूल्यमापन नावाचा एक भाग असतो, म्हणजे वर्षभरात आपण काय दिवे लावले ते ज्याचे त्याने लिहायचे. तेथे आजवर कोणत्याही मडक्याचा आवाज बद्द निघाल्याचे ऐकिवात नाही. रात्रीच्या वहीचेही तसेच आहे. ‘आज चिडलो नाही’ या नोंदीची शहानिशा करायला घरच्या मंडळींना बोलावण्याची सोय त्या वहीत नसते. याउलट चहाच्या टपरीवर बसणारे चौघे हे काम विनामोबदला, न मागता आणि मोठ्या आवाजात करीत असतात. त्यांचा दोष एवढाच, की त्यांनाही कोणी थापटलेले नसते.

लवकर उठण्याचा विचार झोपेच्या विचाराशिवाय पुरा होत नाही, आणि त्या बाबतीत तुळजापूरचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येणारी आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून पलंगावर नेतात आणि देवी काही दिवस विश्रांती घेते, त्याला मंचकी निद्रा म्हणतात. शारदीय नवरात्रापूर्वीची ती घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरी पौर्णिमेपर्यंतची ती श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वीची ती मोहनिद्रा. एक झोप मोठ्या कामाआधी आणि एक मोठे काम उरकल्यावर, ही मांडणी कोणत्याही व्यवस्थापनतज्ज्ञाने टाचण करून घ्यावी अशी आहे. भक्तांनी मात्र तिघींपैकी मोहनिद्रा तेवढी उचलली, तिच्यामागचे-पुढचे नवरात्र वगळले, आणि ती वर्षातून एकदा न घेता रोज दुपारी दोन ते चार या वेळेत विभागून घेतली.

संकल्पांची वेळ हा याहून गंभीर प्रश्न आहे. इंग्रजी वर्षाच्या पहिल्या तारखेला खाणे कमी करण्याचा निश्चय करावा, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या शेतात ज्वारी नसावी. धाराशिव-लातूरकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, साजरी होते. 2024 साली ती 30 डिसेंबरला आली होती, म्हणजे संकल्पाच्या अवघे दोन दिवस आधी. त्या दिवशी गावे ओस पडतात, शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा होते, आणि मग तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदग्यातून डोक्यावर वाहून आणलेली आंबील, म्हणजे ज्वारीच्या पिठाचे ताकातले आंबूस पेय, यांचा समाचार घेतला जातो. आंबिलीचे दोन तांबे पोटात गेलेला माणूस कडब्याला टेकला, की त्याला पुढच्या वर्षाची आखणी करायला सांगणे हे आंबिलीचाही अपमान करणारे आहे. पाठोपाठ हुरडा सुरू होतो. हुरडा म्हणजे गोवरीच्या आरावर भाजलेली कोवळी ज्वारी, जी तळहातावर चोळून, फुंकर मारून, गूळ आणि तिळाच्या चटणीबरोबर खातात. चार घास कमी खाण्याचा नियम येथे लावावा तर घास मोजायचा कसा, हाच प्रश्न पडतो, कारण हुरड्याला घास नसतो, मूठ असते, आणि पुढची मूठ शेजारचाच चोळून देत असतो.

एकट्यादुकट्या माणसाला सुधारणे जमत नाही हे ओळखून असेल कदाचित, 2018 साली केंद्र सरकारने आख्ख्या जिल्ह्यालाच या मार्गाला लावले. आरोग्य, शिक्षण, शेती अशा बाबींत मागे राहिलेल्या देशभरातील शंभरावर जिल्ह्यांना आकांक्षित जिल्हे असे नाव मिळाले. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्या पंगतीत त्यावेळचा उस्मानाबाद बसला. 49 निर्देशकांवर, म्हणजे मोजता येतील अशा खुणांवर, कोण कालच्यापेक्षा किती पुढे सरकला याची क्रमवारी लागू लागली. मागासलेला या शब्दाऐवजी आकांक्षित हा शब्द योजणे, हीच मुळी एक उच्च दर्जाची सवय आहे. दहावीत तीनदा बसलेल्या मुलाची ओळख पाहुण्यांना याच धर्तीवर करून दिली, तर पुष्कळ घरांत शांतता नांदेल. पुढे 2023 साली जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाले. जुळ्या करडांसाठी नावाजलेली येथली काळी शेळी मात्र पशुपालनाच्या पुस्तकांत उस्मानाबादीच राहिली आहे, आणि बाभळीच्या शेंगांपासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत समोर येईल ते खाण्याच्या तिच्या सवयीतही कसला बदल झालेला नाही.

राहता राहिले थापटणे. उन्हाळ्याच्या तोंडावर आठवडी बाजारात माठ येतात, तेव्हा वर्षभर स्वतःला पक्के समजणारी माणसे उकिडवी बसून प्रत्येक माठाला टिचक्या मारतात, कान लावतात, नाक मुरडतात आणि ठण्ण आवाजाचा एक निवडून घरी नेतात. पुढच्या बाजाराला त्यांतले काहीजण दोन तक्रारी घेऊन परत येतात: एकाचा माठ बाहेरून पाझरतो, आणि दुसऱ्याच्या माठात पाणी गार होत नाही. कुंभारीण दोघांचेही ऐकून घेते, पाझरतो म्हणूनच पाणी गार होते हे सातव्यांदा सांगते, आणि दोघांना आपापसात माठ बदलून घ्यायला लावून पुढचे गिऱ्हाईक बघते.