पुढच्या सीटवरचे आप्पा

फर्दापुरात कुणाचा बस्ता निघो, दवाखाना निघो की कोर्टाची तारीख. संभाजीनगरला गाडी करायची म्हटलं की पहिला प्रश्न गाडीचा नसतोच. ‘आप्पा मोकळे आहेत का?’ हा असतो. आप्पांच्या मालकीची एक सायकल आहे, तीही बहुतेक वेळ भिंतीला टेकलेली. स्टिअरिंगला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. पण ड्रायव्हरशेजारची सीट गावानं त्यांच्या नावावर करून दिली आहे. सातबारा तेवढा निघायचा बाकी.

गाडी शक्यतो सोमवारी करायची, हा आप्पांचा दंडक. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद. लेणी बंद म्हणून पर्यटक नाहीत, पर्यटक नाहीत म्हणून गाडीवाले रिकामे, आणि रिकामा गाडीवाला भाड्याला नरम. तरीही घासाघीस होतेच. “किलोमीटरवर नको, उक्तं सांग. ड्रायव्हरचं जेवण आमच्याकडं, पंक्चर तुझ्याकडं, आन् वेटिंग-बिटिंग धरायचं नाही.” शेवटचे शंभर रुपये तुटत नाहीत तेव्हा आप्पा उठून चपला घालू लागतात. चपला घालायला त्यांना नेहमीच फार वेळ लागतो. दुसरी चप्पल पायात जायच्या आत मालक “आप्पा, बसा हो” म्हणतो.

माझ्या बहिणीच्या बस्त्याला अशीच बोलेरो ठरली. पहाटे सहाला निघायचं म्हणून आप्पा पाचलाच पुढच्या सीटवर. मागे आम्ही अकरा जणं. शिवाय गावाचं सामान: वसतिगृहातल्या कुणाच्या पोराला बाजरीचं पीठ, घाटीत ॲडमिट असलेल्या कुणाला डबा, आणि कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं, जे ‘जाता जाता’ दुरुस्तीला टाकायचं होतं. गाडी आमची, भाडं आमचं, पण ‘जाता जाता’ साऱ्या गावाचं.

अजिंठ्याचा घाट चढेपर्यंत आप्पा गप्प असतात. ड्रायव्हरच्या बरोबरीनं त्यांचाही डावा पाय क्लच दाबत असतो. सिल्लोडला चहा होतो, फुलंब्री मागे पडते, चौक्याचा घाट उतरला की ते टोपी नीट करतात. शहर आलं!

फर्दापूरचा माणूस एका टी पॉइंटवरून निघतो आणि शंभरेक किलोमीटर जाऊन हर्सूलच्या दुसऱ्या टी पॉइंटवर अडकतो. घरच्या टी पॉइंटवर डोळे मिटून वळता येतं. हर्सूलला मात्र ठरवावं लागतं: दिल्ली गेटकडून गावात शिरायचं, की सिडकोकडून?

“आप्पा, मॅप लावू का?” ड्रायव्हर पोरानं विचारलं.

“मी इथं बसेल असताना त्या बाईला काहून तरास देतो? घे सिडकोकडून.”

आप्पांच्या डोक्यात शहराचा नकाशा आहे, पण तो रस्त्यांचा नाही. तो फर्दापूरच्या अडीअडचणींचा आहे. “तात्याचं अपेंडिक्स काढलं तिथून उजवीकडं. मग बबनची तारीख असायची ते कोर्ट. त्याच्या पुढं, गुलाबच्या पोराला नोकरी लागता लागता राहिली तो बंगला.” या नकाशात एकच खोट: अपेंडिक्सवाल्या दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान उभं आहे, आणि आप्पा मात्र तात्याच्या टाक्यांवर विसंबून आहेत.

जालना रोडवर तर उड्डाणपुलांची रांगच. आम्हाला क्रांती चौकातून पैठण गेटकडे वळायचं होतं, तिथून गुलमंडी. “सरळ घे, सरळ घे,” म्हणता म्हणता गाडी पुलावर चढली आणि क्रांती चौक खालून निघून गेला. आप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढून दाखवला. “त्ये बघा. तिथंच वळायचं असतं.” बायकांनीही माना वळवून, जिथं वळायचं असतं ती जागा भक्तिभावानं पाहून घेतली. तेवढ्यात महावीर चौकाचा पूल आला. त्याच्यावरही चढलो. उतरलो तेव्हा दुकानांऐवजी छावणीची झाडं दिसू लागली.

विचारायचं कुणाला, हा प्रश्नच नव्हता. कारण आप्पा विचारत नाहीत. “रस्ता विचारला की माणूस परगावचा दिसतो,” हे त्यांचं तत्त्व. अकरा माणसं, पिठाची पिशवी आणि मिक्सरचं भांडं घेऊन आम्ही स्थानिक दिसत होतो, असं त्यांचं प्रामाणिक मत.

फिरत फिरत गाडी मकई दरवाज्यात येऊन अडकली. हे बावन्न दरवाज्यांचं शहर. औरंगजेबानं तट बांधला तेव्हा हत्ती-घोड्यांचा हिशेब केला असेल, बोलेरो आणि समोरून येणाऱ्या टेम्पोचा केला नव्हता. दोन्हीकडून हॉर्न. आणि मग आप्पा खाली उतरले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याचा झेंडा केला. रिक्षावाल्याला मागं, मोटारसायकलला कडेला, टेम्पोला हातभर डावीकडं. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!” दगडी कमान आणि आमचा आरसा यांच्यात चार बोटं उरली होती, ती त्यांनी खरोखरच बोटं लावून मोजली. पाच मिनिटांत दरवाजा मोकळा. एका पोलिसानंही मान डोलावली. ज्या माणसानं आम्हाला तिथं अडकवलं त्याचेच आभार मानत आम्ही बाहेर पडलो.

बाहेर पडताच मकबऱ्याची पाटी दिसली. आप्पांनी क्षणही दवडला नाही. “मुद्दाम आणलं इकडून. पोरांनी मकबरा कुठं पाहिलाय? बस्ता काय, दुपारून पण व्हतो.” पोरांनी गाडी डोक्यावर घेतली. बस्ता दुपारी चारला सुरू झाला. डबा घाटीत पोचला तेव्हा पेशंटला डिस्चार्ज मिळाला होता. त्यालाही आप्पांनी येताना गाडीत घेतलं. अकराचे बारा झालो. मिक्सरचं भांडं जसं गेलं तसं परत आलं.

एवढं होऊनही पुढच्या सोमवारी आम्ही पत्रिका छापायला निघालो, तर पुढच्या सीटवर आप्पाच. टी पॉइंटला शहरातली एक झकपक गाडी उभी. आतला माणूस फोनकडे बघत हैराण. आप्पांनी काच खाली केली. “आज सोमवार. लेणी बंद.” हे वाक्य ते वर्षानुवर्षं म्हणत आलेत, पण गोडी कमी झालेली नाही. “आन् चालू असती तरी गाडी इथंच लावा लागते. पुढचे चार किलोमीटर एस्टीच्या बसनं.”

“मग आता?” तो माणूस.

“आता काय! या आमच्या मागं मागं. आम्ही संभाजीनगरलाच चाललो. रस्ता दावतो.”

“अहो, मी गुलमंडीचाच आहे. जन्म तिथला.”

“असू द्या,” आप्पा मोठ्या मनानं म्हणाले. “व्हतं असं कधी कधी.”

तो खरंच मागे आला. हर्सूलच्या टी पॉइंटवर आम्ही सिडकोकडे निघालो आणि तो दिल्ली गेटकडे, आपल्या घराच्या दिशेनं. आप्पा बाजूच्या आरशात त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

“चुकलं बिचारं,” ते हळहळले. “सरळ घे रे.”