मशीन म्हणतंय पाणी नको

निफाड तालुक्यातला द्राक्षवाला बागेवर किती खर्च केला हे सोसायटीला वाढवून सांगतो आणि घरात कमी करून. जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर बसवला तेव्हा मीही परंपरा पाळली. बायकोला किंमत निम्मीच सांगितली.

ड्रीपरपासून वीतभर अंतरावर, थॉमसनच्या एका झाडाशेजारी हे यंत्र पुरलं. एक डोळा फुटभर खोल, दुसरा दोन फुटांवर. मुळं किती पाणी ओढतात ते वरच्याने सांगायचं, पाणी मुळांखाली वाया जातंय का ते खालच्याने. बसवणारा पोरगा बजावून गेला, "काका, काळी जमीन आहे. भोवती मातीचा पातळ गाळ ओता. फट राहिली तर हा हवाच मोजत बसेल." मी मान डोलावली. बीएस्सी ॲग्री माणसाला गाळ कालवायला सांगतात म्हणजे काय!

मण्यांत पाणी उतरलं होतं, तेव्हाची गोष्ट. मेहुणीच्या पोराच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत मोबाईल वाजला. 'माती कोरडी.' नेमकी बागेवर लाईटही होती. चार व्याह्यांच्या देखत मी बोटाने व्हॉल्व्ह उघडला. मोबाईल हातोहात फिरला, कुणीतरी मला जिलबी वाढली. तासाभराने पाहिलं तर माती कोरडीच. पुन्हा पाणी. बासुंदी आली तेव्हाही कोरडी. पुन्हा पाणी.

संध्याकाळी बागेत शिरलो आणि एक चप्पल तिथेच राहिली. काळ्या मातीला बोटभर रुंद भेग पडली होती अन् सेन्सर त्या भेगेत मोकळा उभा राहून इमानदारीत हवा मोजत होता. खालच्या घडांत मणी तडकायला लागले होते. आबा बांधावर उभे होते. एवढंच म्हणाले, "लग्न चांगलं झालं ना?"

दुसऱ्या दिवशी गाळ ओतला. तेव्हापासून सेन्सर चोख चालतोय. अडचण आता वेगळीच आहे. शेतीची लाईट येते पाळीने, या आठवड्यात रात्रीची. लाईट आली की शेजाऱ्याची मोटार घुमायला लागते आणि आपल्याला अंथरुणात चैन पडत नाही. बाजूच्या खाटेवरून आबांचा आवाज येतो,

"मशीन काय म्हणतंय?"

"पाणी नको म्हणतंय."

"बरं. मग लाईट जायच्या आत देऊन टाक."

मी मोबाईलचा आवाज बंद करतो आणि मोटार चालू करतो.