राजमान्य राजश्री खोकलोजीरावांस उघडे पत्र

राजमान्य राजश्री खोकलोजीराव, मुक्काम छाती, तालुके पेण व रोहे, यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पहाटे चार वाजल्यापासून आपण देत असलेल्या वर्द्यांची उभय तालुक्यांत कोणी दखल घेत नाही, अशी आपली तक्रार असल्याचे समजले. तक्रार सर्वथा निराधार आहे. पाहुण्याच्या आदरातिथ्यात आमचा कुलाबा जिल्हा (१९८१ साली त्याचे रायगड झाले, स्वभाव तोच राहिला) कधी उणा पडला नाही, आणि ज्येष्ठमध, अडुळसा, खडीसाखर, हळदीचे दूध व सरतेशेवटी औषधवाल्याकडील लाल बाटली, असा जो सरंजाम आपल्या चरणी रुजू होतो, तो पाहून अधिकमासातील जावयानेही हेवा करावा.

शिवाय आम्ही आपणांस कुळीही बहाल केली आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत, जेथे मूर्तीच्या अंगावर पॉलिशपेपर फिरतो आणि फवाऱ्याने रंग उडतो, तेथून आलात तर आपण ‘धुळीचे’. धाटावच्या औद्योगिक वसाहतीवरून वारा फिरताच रोह्यास प्रकट झालात तर ‘वासाचे’. आणि ज्या मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले व त्या वर्षी जन्मलेल्या मुलास मिसरूड फुटू लागली तरी ज्याची धूळ खाली बसली नाही, त्या महामार्गावर वडखळपाशी भेटलात तर ‘हायवेचे’. यांपैकी काहीच लागू पडेना, तर ‘विडीचे’, म्हणजे घरचेच. कारणाचा रकाना भरला की चौकशी बंद, हा कचेरीचा दंडक आम्ही छातीपर्यंत नेला आहे.

रस्त्यावर ठपका ठेवण्याची ही युक्ती केवळ आमचीच नव्हे. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा तपास आरंभिला तेव्हा खुद्द डॉलसाहेबांचा वहीम डांबरी रस्त्यांवर व मोटारींच्या धुरावर होता. परंतु इस्पितळांतील रुग्णांच्या जबान्या जमत गेल्या तसा पुरावा असा काही पालटला की, काम पुरे होण्यापूर्वीच त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात या रोगाचे ६४९ पुरुष रुग्ण आहेत. त्यांतील धूम्रपान न करणारे किती, तर दोन. यावर आमच्या पारावरील विद्वानांचे म्हणणे असे की, ती साहेबाची सिगारेट. आमची विडी पानात वळलेली, तंबाखूही थोडकी, सबब सात्त्विक. ही सात्त्विक वस्तू घडोघडी विझते, ती विझू नये म्हणून झुरके अधिक आणि खोल घ्यावे लागतात, आणि त्या खटाटोपात सिगारेटपेक्षा अधिकच डांबर पोटाशी धरले जाते, हा तपशील पारावर चर्चेस येत नाही. डिझेलचा धूर २०१२ साली आणि एकंदर दूषित हवा २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्ककारक ठरवली, हे खरे. चुलीपुढे जन्म काढलेल्या आणि विडीला बोटही न लावलेल्या बायांनाही हा रोग गाठतो, हेही खरे. परंतु सहआरोपी सापडले म्हणून मूळ आरोपी सुटला, असे आमच्या पेणच्या न्यायालयात तरी घडल्याचे ऐकिवात नाही.

आता आपला खरा अपराध. फुप्फुसाच्या गाभ्यास वेदनेची जाणीव जवळजवळ नाही. गाठ आवरणापर्यंत वा बरगडीपर्यंत पोहोचेतो दुखणे असे जाणवत नाही, आणि तोवर त्या मुलखातून बाहेर येणारे जासूद बहुधा आपण एकटेच. इतका महत्त्वाचा खलिता आणायचा, तर माणसाने अंगावर काही चांगले घालून यावे! आपण येता ते रोजच्या वेषात. आणि तीन आठवडे लोटले, आवाज घोगरा झाला, सदरा सैल पडला, बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, तरी घरातली माणसे म्हणतात, ‘नेहमीचाच आहे.’

आमच्या आळीतील एका सद्गृहस्थांकडे आपण असेच उतरला होता. क्षकिरणांच्या फोटोत डाग दिसला. डाग म्हणजे क्षय, असे ठरले. बेडका तपासण्याची तसदी न घेता गोळ्या सुरू झाल्या, आणि आपण जात नाही म्हणून चार महिने त्या गोळ्यांच्याच मुदती वाढत गेल्या. परळच्या टाटा रुग्णालयात (ते १९४१ पासून तेथे उभे आहे, आणि आता त्याची शाखा आमच्याच जिल्ह्यात, खारघरास, आहे) तुकडा काढून तपासला, तेव्हा त्या डागाचे खरे नाव कळले. डॉक्टरांनी विचारले, खोकला कधीपासून? ते म्हणाले, ‘खोकला तसा नाहीच, आहे तो विडीचा.’

सबब आपला अर्ज नामंजूर करून दप्तरी दाखल करण्यात येत आहे. कळावे, लोभ असावा.

ता. क. हे पत्र लिहीत असता आपण तीन वेळा येऊन गेलात. भिंतीवरील कालनिर्णयात दुधाच्या खाड्यांच्या खुणांशेजारी आमच्या कुटुंबाने पेन्सिलीने बारीक फुल्या मारण्यास आरंभ केला आहे. आज मोजल्या, एकवीस भरल्या. उद्याच्या पहिल्या गाडीने पनवेलास जावयाचे ठरले असून, आपणही बरोबर असालच.