बोल्टवर बुक्की मारू नका

रेंजवर पॉइंट टू टू (.२२) रायफलचा राउंड चेंबरमध्ये अडला की शेजारच्या लेनवरून पहिला सल्ला येतो, ‘जरा जोर लावा.’ मागोमाग दुसरा, ‘लॉटच खराब असणार.’ चेंबर शेवटचं कधी पुसलं होतं, हे कोणी विचारत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती जुनी आहे.

५० मीटरच्या मॅच रायफलचं चेंबर मुद्दामच घट्ट आणि आखूड ठेवलेलं असतं. बोल्ट बंद होताना शिशाची गोळी रायफलिंगमध्ये किंचित रुतावी, म्हणजे ती सरळ निघते. राउंडची घडण १८८७ पासून तीच : गोळी केसइतकीच जाड, मेणाचं वंगण बाहेरून. दर शॉटला थोडं मेण, थोडं शिसं, थोडी काजळी केसच्या तोंडापुढे बसते आणि त्याचं कडक कडं होतं. ढिल्या चेंबरच्या रायफलीत हे कडं खपून जातं. इथे तेवढी जागाच नसते.

कडं झालंय का, याची खात्री करणं अवघड नाही. वापरलेली रिकामी केस सहज आत जाते, नवा राउंड मात्र अडतो, म्हणजे अडचण गोळीच्या जागेवर आहे. बाहेर काढलेल्या राउंडवर रायफलिंगच्या हलक्या, सारख्या खुणा दिसल्या तर ठीक. एका बाजूने शिसं खरवडलेलं असेल तर नाही. जमिनीवर पडलेला राउंड तसाच भरणारेही आहेत. मेणाला चिकटलेली वाळू मग बॅरलमध्ये जाते.

जोर लावण्याचा मला खरा राग येतो. रिमफायरचा स्फोटक मसाला केसच्या कडेत असतो. बोल्ट पुरता लॉक झालेला नसताना बुक्की मारणारा त्याच कडेवर दाब देत असतो. नंतर बोल्ट मागे ओढला की कधी केस तेवढी येते, गोळी बॅरलमध्येच राहते आणि दारूचे दाणे ॲक्शनमध्ये सांडतात. तेल सोडणारे आणखी वेगळे. राउंड सरकतो, कडं जिथल्या तिथे.

चेंबर न पुसण्यामागे ‘पॉइंट टू टूची बॅरल साफ केली की बिघडते’ हा समज असतो. बॅरल बिघडते ती नळीच्या तोंडाकडून रॉड खुपसल्यामुळे. ब्रीचकडून, बोअर गाइड घालून, सॉल्व्हंटचा पॅच आणि मग कोरडे पॅच फिरवले तर काही बिघडत नाही.

अमेरिकेत हौशी माणूस घरीच रायफल जुळवतो. चेंबर अडलं तर निस्तरणारा तोच. आपल्याकडे परवान्याशिवाय हत्यार बनवणं गुन्हा आहे आणि स्वतःची मॅच रायफल घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. म्हणून शिकणारी पोरं क्लबच्या रायफलीवर शिकतात. एकाने न पुसलेल्या चेंबरचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं ते याच ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. बोल्टशी झटापट करून खांदा हलला की त्या वर्तुळात गोळी बसवणं मुश्कील, आणि बोलणी मात्र पोराला बसतात.

रायफल पुढच्याच्या हाती देताना चेंबर पुसून द्या. राउंड अडला तर नळी टार्गेटकडेच ठेवा, हात वर करा आणि रेंज ऑफिसरला बोलवा.