बर्फाची पूर्वतयारी

सांगलीतल्या विश्रामबागेच्या दूरदृष्टीला दाद द्यायलाच हवी. गुलमर्गच्या चार दिवसांच्या सहलीसाठी आमच्या शेजाऱ्यांनी स्कीचे दोन जोड घेतले: दाबून सपाट केलेल्या उतारासाठी अरुंद, रानातल्या भुसभुशीत बर्फासाठी रुंद. चढावर स्की मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायची केसाळ पट्टीही आली. बर्फाखाली गाडलं गेल्यास ठावठिकाणा कळवणारं यंत्र काकू मिरज रस्त्यालाही छातीशी बांधूनच जातात. न जाणो, कुठला खड्डा! परिस्थिती कशीही बदलो, माणूस तयार हवा. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा गावभागातले त्यांचे धाकटे बंधू होडीची वाट बघत पत्र्यावर बसले होते. यंदा त्यांचीही तजवीज झाली आहे. जुना गॉगल त्यांना दिला. पाण्यावरची तिरीप आता डोळ्यांना लागणार नाही.