भाव : रात्री जेवणानंतर एक

रात्री झोप येत नाही आणि दिवसा आवरत नाही, एवढीच तक्रार असती तर मार्केट यार्डातल्या चौकीदाराची जागा मी हक्कानं मागून घेतली असती. पण मी पडलो अडतीवरचा मुनीम. दिवसभर आकडे लिहायचे आणि संध्याकाळी ते जुळायला हवेत, एवढंच मालकाचं माफक म्हणणं. माझे आकडे जुळतही, फक्त कधी कधी ते दुसऱ्याच कुणाच्या तरी मालाचे निघत.

सुरुवात नाकापासून झाली. वाशीमच्या यार्डात दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक सुरू झाली की हवेचा रंग पालटतो. कट्टे रिकामे होतात, चाळण्या फिरतात, ढिगाला ढीग लागतो आणि त्यातून उठणारा पिवळट फुफाटा हमालांच्या पापण्यांवर जाऊन बसतो. हमाल दुपट्टा झटकून पुढच्या कट्ट्याला हात घालतात. मी मात्र गादीवर बसल्या बसल्या शिंकतो. ओलावा मोजायच्या यंत्राला मूठभर दाणे तरी लागतात, माझ्या नाकाला ट्रॅक्टर गेटातून आत आला तरी पुरतं. सोयाबीन सरलं की तूर, तूर सरली की हरभरा, आणि पावसाळ्यात यार्ड जरा निवांत झालं की कुंपणाच्या कडेनं गाजरगवत. हे गवत १९५५ साली पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. तिकडून विदर्भात निधी पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पावपटीत ते आमच्याकडे पोचलं असावं. त्याचा फडशा पाडायला मेक्सिकोतून आणलेले भुंगे १९८४ साली सोडले गेले. त्या भुंग्यांचं आमच्या कुंपणाकडे मुळीच लक्ष नाही. माझ्या मानेवर आणि कोपराच्या लवणात मात्र वर्षभर चट्टे.

त्यावर इलाज म्हणून वाशीमच्या डॉक्टरांकडून रात्री लेव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेल्युकास्टची जोडगोळी सुरू झाली. शिवाय दुपारी नाक फारच वाहू लागलं तर मेडिकलवाल्याकडून एक बारकी सीपीएम. ती इतकी स्वस्त असते की सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट द्यावं तशी तो देतो. ही क्लोरफेनिरामिन म्हणजे जुन्या पिढीतली गोळी. नाकातल्या हिस्टामिनला ती गप्प बसवतेच, पण तिथं न थांबता वर मेंदूतही जाते. आणि मेंदूत आपल्याला जागं ठेवायचं काम करणाऱ्यांपैकी एक हे हिस्टामिनच. म्हणजे गोळी नाकाला दिलेली आणि पेंग डोळ्यांना. आता कुणालाही वाटेल, मग रात्री हीच घ्यावी, झोपेचीही सोय होईल. मलाही तसंच वाटलं. पण तिची गुंगी काही दिवसांतच शरीराच्या सवयीची होते आणि मग उरतं फक्त कोरडं तोंड, बद्धकोष्ठ आणि सकाळी डोक्यात भरलेला कापूस. तरी मी आपली घेतच राहिलो. एखादी गोष्ट लागू पडत नसेल तर ती दुप्पट करावी, हा माझा स्वभाव आहे.

२०२४च्या हंगामातली गोष्ट. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि हर्रासात बोली त्याच्या खालीच घुटमळत होती, त्यामुळे यार्डात कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. माझं तर गोळीनं आधीच नेलं होतं. मी काटापट्ट्या लिहीत होतो. मालेगाव तालुक्याकडचे एक म्हातारे शेतकरी काटापट्टी घेऊन गेले आणि थोड्या वेळानं परत आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"मुनीमजी, हे काय लिवलं? माह्या सोयाबीनले भाव 'रात्री जेवनानंतर एक'?"

पाहतो तर वजन बरोबर, नाव बरोबर, कट्टे बरोबर, आणि भावाच्या रकान्यात माझ्याच सुवाच्य अक्षरात माझ्याच गोळीची चिठ्ठी उतरलेली. मी खोडाखोड करू लागलो तर ते म्हणाले, "राहू द्या. व्यापारी देऊन राह्यले त्याच्यापरीस हेच बरं. गोयी तरी भेटंन." हमाल हसले, मापारी हसला, मालक हसले नाहीत. त्या दिवसापासून यार्डात मला 'जेवणानंतर एक' म्हणतात.

आमच्या जिल्ह्यातून कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव असा समृद्धी महामार्ग गेला आहे आणि सरळसोट रस्त्यावर गाडी चालवताना डुलकी लागण्याची चर्चा इथल्या चहाच्या टपरीवरही होते. त्या महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. माझ्याकडे फक्त दुचाकी आहे, म्हणून हा लेख तुमच्यापर्यंत आला.

याच सुमारास मन बसलं. त्याची गोष्ट विनोदी नाही, म्हणून लवकर उरकतो. सकाळी दात घासायचे म्हणजे मोहीम वाटू लागली. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली तर मी 'बरं' म्हणालो. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छताचा पंखा दिसायचा. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला आणि बरोबर आठव्या वाढदिवसाला, १ जुलै २००६ला, पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आम्ही होतो. तेव्हा मन खचणं म्हणजे काय, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. पण त्यासाठी सात-बारा लागतो, अशी एक समजूत आहे. माझा चुलतभाऊ तोंडावर म्हणाला, "तुले कायचं टेन्शन बे? तुह्यं कोणतं वावर बुडालं?" पगारी माणसाला उदास व्हायचा हक्क त्याच्या मते नव्हता. मलाही ते थोडं पटलं, म्हणून आणखी उशीर झाला.

शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. वाशीममध्ये कुणी पाहील म्हणून अकोला गाठलं. एसटीतून उतरून, रुमाल तोंडाला बांधून, आडवाटेनं दवाखान्यात शिरलो तर बाकावर आमच्याच यार्डातले एक व्यापारी.

"तुमी इथं?"

"भाच्याले घेऊन आलो."

"मीही भाच्यालाच."

दोघांचेही भाचे कुठं दिसत नव्हते. मग त्यांनीच हळू आवाजात सांगितलं की अकोल्याचे लोक याच कामाला अमरावतीला जातात आणि अमरावतीचे नागपूरला. नागपूरवाले कुठं जातात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी एसिटालोप्राम लिहून दिली आणि विचारलं, "दुसरी काही औषधं सुरू आहेत?" मी म्हणालो, "नाही." अॅलर्जीच्या गोळीला मी औषध समजतच नव्हतो, ती माझ्या लेखी किराणा मालात मोडत होती. वाशीमच्या डॉक्टरांना अकोल्याचं सांगायचा तर प्रश्नच नव्हता, त्यांचा कंपाउंडर आमच्या गल्लीतला. मॅडमनी गोळी सकाळी घ्यायला सांगितली होती म्हणे. मी ती रात्री घेऊ लागलो, कारण सकाळी बायकोसमोर पाकीट फोडावं लागलं असतं, आणि रात्रीच्या दोन गोळ्यांत तिसरी खपून जाते.

मग सुरू झाल्या खऱ्या रात्री. या जातीच्या गोळ्यांनी काहींची झोप उडते, आणि त्या काहींत माझा नंबर पहिला. डोळा लागलाच तर स्वप्नं अशी, की सिनेमावाल्यांनी पैसे द्यावेत. वाकाटकांच्या राजधानीत, म्हणजे आमच्याच गावात, हत्तीवरून हर्रास चालू आहे आणि मला भाव आठवत नाही. मॉन्टेल्युकास्टमुळेही काहींना वाईट स्वप्नं पडतात आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली त्याबद्दल ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, हे मला फार नंतर कळलं. त्याहून मोठा तमाशा पायांचा. पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी वळवळायला लागे, पाय हलवल्याशिवाय चैन पडेना. जुन्या अॅलर्जीच्या गोळ्या आणि या उदासीवरच्या गोळ्या, दोन्हींनी ही वळवळ वाढू शकते. मी तर दोन्ही जेवणानंतर एक घेत होतो.

"अवो, पाय काऊन झटकून राह्यले? कोनाले लाथा मारून राह्यले?" बायको उठून बसली. आईनं तिळाचं तेल आणि काशाची वाटी काढली. तळपाय काळे होईस्तोवर घासले. पायांना ते इतकं आवडलं की ते आणखी उत्साहानं चालू लागले.

जाग्या माणसाला मोबाइल असतो. पहाटे तीनला मी माझ्या दोन गोळ्यांची वंशावळ वाचून काढली आणि थक्क झालो. हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन डॅनियल बोव्हे यांनी १९३७ साली पॅरिसात शोधलं, त्यांना १९५७ला नोबेल मिळालं. पुढं अशाच रसायनांच्या शोधात तयार झालेला एक रेणू स्वित्झर्लंडमधल्या रोलँड कुन यांनी उदास रुग्णांना देऊन पाहिला. त्यातून इमिप्रामिन आलं, उदासीवरच्या पहिल्या औषधांपैकी एक. अमेरिकेत १९८७ला मान्यता मिळालेल्या फ्लुओक्सेटिनचा शोधही डायफेनहायड्रामिनपासून, म्हणजे अॅलर्जीच्याच एका जुन्या औषधापासून सुरू झाला होता. म्हणजे हे तर सख्खे चुलत! मग माझ्या पोटात काय चाललं होतं ते एकदम उमगलं. भाऊबंदकीतलं धुऱ्याचं भांडण. एक धुरा इकडे सरकवतो, दुसरा तिकडे, आणि मधल्या पट्टीत, जिथं माझी रात्र पेरली होती, तिथं दोघांचीही गुरं.

यावर शहाण्या माणसानं दोघांना एका पंचापुढं बसवलं असतं. मी गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर दोघांनाही एकदम हाकलून दिलं. सगळ्या गोळ्या बंद, गूळ-कडुनिंब चालू. पुढचे दिवस मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, उगीच रडू यायचं, आणि खाज अशी सुटली की चट्टे नव्हते तिथंही सुटली. बायकोला वाटलं नवस राहिला असेल, पोहरादेवीला जाऊन या. एसिटालोप्राम एकदम थांबवल्यावर असे झटके बसू शकतात, हे डॉक्टर कायम सांगतात. खाजेचं मात्र मला वाटलं मी एकटाच. पण त्याच वर्षी, मे २०२५मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सांगितलं की सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिन दीर्घकाळ रोज घेऊन बंद केल्यावर क्वचित काहींना तीव्र खाज सुटते. आयुष्यात कधी 'क्वचित काहीं'त माझं नाव लागलं नव्हतं, लागलं ते इथं.

बायकोनं घरातल्या सगळ्या पाकिटांची कॅरीबॅग भरली, मला एसटीत बसवलं आणि अकोल्याला स्वतः घेऊन गेली. तिनं टेबलावर पिशवी उलटी केली. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एकेक पाकीट उचलून बाजूला ठेवू लागल्या. वाशीमच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, आणि ज्या दोघांना मी एकमेकांपासून इतके महिने लपवलं होतं ते दोघं एकमेकांना चांगले ओळखत निघाले. एसिटालोप्राम पुन्हा सुरू, सकाळच्या चहाबरोबर, सगळ्यांसमोर. सीपीएम कायमची हद्दपार. अॅलर्जीला कमी पेंग आणणारी फेक्सोफेनाडिन, नाकात फवारा, आणि हंगामात तोंडाला हमालांसारखा दुपट्टा. पायांसाठी रक्तातलं लोह तपासलं, ते कमी निघालं, त्याच्या गोळ्या. चार वाजल्यानंतर चहा बंद, हे यार्डात सांगितल्यावर टपरीवाल्यानं तीन दिवस तोंड फिरवलं.

आणि झोपेचा नियम. उठायची वेळ रोज तीच, मग रात्र कशीही गेलेली असो. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात कंटाळवाणं काहीतरी करायचं. माझ्याकडे त्याचा तुटवडा नाही, मी जुने रोजमेळ काढले. दोन वर्षांपूर्वीचा तेरा रुपयांचा फरक सापडला. मालकांना आनंदानं सांगितलं, तर त्यांनी तेरा रुपये माझ्या पगारातून वळते केले.

आता झोप येते, बऱ्यापैकी. बोनस म्हणून मनही उठून बसलं आहे, अजून उभं राहिलेलं नाही. तुम्हीही दोन डॉक्टरांच्या दोन गोळ्या घेत असाल तर दोघांच्या चिठ्ठ्या दोघांना दाखवा, मेडिकलमधून स्वतः आणलेलं पाकीटही त्यात धरा, आणि काहीही बंद करायचं ते विचारून, हळूहळू. अकोल्याला जायची लाज वाटत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि पहाटे तीनलाही फोन उचलतात.